परवानगी नसलेली वाट

लोक म्हणतात, ऑस्कम हॉलची बाग म्हणजे स्वर्ग. लांबून मोटारी करून येतात, तळ्याकाठी उभे राहतात, माना वाकड्या करून टेकडीवरचं ते पांढरं देऊळ बघतात आणि म्हणतात, "किती नैसर्गिक." नैसर्गिक कसलं डोंबलाचं. तळं आमच्या खापरपणज्यांनी फावड्यांनी खणलं. देवळात कधी देव नव्हता, ते नुसतं घरातून बघायला बांधलंय. आणि हरणं चरतात ना ती हिरवीगार कुरणं, तिथे आमचं गाव होतं. तेव्हाच्या सरांना, म्हणजे हॉलच्या मालकांना, खिडकीतून आमची धुराडी दिसायची, ती डोळ्यांत खुपायची. म्हणून त्यांनी अख्खं गाव उचललं आणि भिंतीबाहेर टेकडीआड नेऊन टाकलं. चर्च तेवढं हलवता येईना. त्यामुळे गाव बागेच्या या टोकाला, चर्च त्या टोकाला, आणि आमची मेलेली माणसं सगळी तिकडे.

मी हेप्झिबा बंट. हेप्सी म्हणतात मला. गावाकडच्या फाटकाशी दगडी घर आहे, तिथे मी लग्न होऊन आले आणि तिथेच विधवा झाले. नवरा फाटक सांभाळायचा. तो गेल्यावर थोरले सर म्हणाले, "हेप्सी, तू इथंच राहा, मरेपर्यंत राहा." कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. आता थोरले सरही गेले.

फाटक म्हणायचं, पण वीस वर्षं तिथे फाटक नव्हतंच. लढाईत लष्कराने बागेत तळ ठोकला होता, तेव्हा त्यांच्या गाड्या आत शिरेनात म्हणून त्यांनी फाटक बिजागऱ्यांसकट उपटलं. लष्कर गेलं, फाटक काही परत आलं नाही. मग लोक चालायला लागले. माझ्या दारावरून आत, लिंडनच्या झाडांच्या दोन रांगांमधून सरळ, तळ्याच्या शेपटाला वळसा घालून चर्चपर्यंत. त्याआधी भिंतीच्या कडेकडेने सडकेने जावं लागायचं, चार-पाच मैल. म्हाताऱ्यांनी तर तिकडे जाणं सोडूनच दिलं होतं. थोरले सर खिडकीतून लोकांना बघायचे. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. त्यांचं हे न बोलणं किती मोलाचं होतं ते आम्हाला फार उशिरा कळलं.

कारण आमच्याकडे कायदा असा आहे. एखाद्या वाटेने लोक सलग वीस वर्षं चालले, तर ती वाट गावाची होते. पण दांडगाई करून चाललेलं चालत नाही, चोरून चाललेलं चालत नाही, आणि मालकाची परवानगी घेऊन चाललेलंही चालत नाही. मालकाने प्रेमाने "या, जा" म्हटलं की ते उपकार झाले, आणि उपकारावर हक्क सांगता येत नाही. शिवाय वीस वर्षं भरायच्या आत मालकाने एक दिवस जरी फाटक लावलं आणि त्या दिवशी कुणी पार गेलं नाही, तरी मागची सगळी वर्षं पाण्यात.

थोरल्या सरांचे पुतणे, मिस्टर लायनेल, आले ते वाईट नव्हते, हे मी आधीच सांगते. गोड माणूस. पावसात माझ्यासाठी छत्री धरणारा. त्यांना बागेत गॉल्फचं मैदान करायचं होतं आणि आमची वाट नेमकी मधोमध येत होती. त्यांनी शहरातून वकील आणला, मिस्टर क्रॉफ. त्या क्रॉफने हिशेब काढला की येत्या मंगळवारी सूर्य मावळला की वीस वर्षं भरतात. दोन दिवसांत नवंकोरं लोखंडी फाटक बसलं. काळं कुळकुळीत, टोकं सोनेरी.

सोमवारी मिस्टर लायनेल स्वतः माझ्या स्वयंपाकघरात आले. टोपी काढली, खुर्चीवर बसले, चहा घेतला.

"मिसेस बंट, तुम्हाला उगाच त्रास देतोय. उद्या सकाळी उजाडल्यापासून सूर्य मावळेपर्यंत फाटकाला कुलूप. किल्ली तुमच्याकडे. एकच दिवस."

"आणि कुणी आलं तर, साहेब?"

"तर मला बोलवा. मी असेन जवळच." मग त्यांनी छताकडे बघितलं. "घर छान ठेवलंय तुम्ही. काकांनी तुम्हाला तोंडी काहीतरी म्हटलं होतं म्हणे. मला ते मोडायची मुळीच इच्छा नाही."

हसतच बोलले. किल्ली टेबलावर ठेवली, चहाबद्दल आभार मानले आणि गेले. धमकी देणारा ओरडला असता तर मी पण ओरडले असते. या माणसाशी काय करायचं?

संध्याकाळच्या चहाला माझी थोरली बहीण आली. थर्झा. थर्झा लॉव्हरिक. गुडघे गेलेले, काठी घेऊन चालते, पण रोज त्या वाटेने चर्चला जाते. तिथली पितळेची भांडीबिंडी घासते आणि मग नवऱ्याच्या, जेबेझच्या, थडग्याशी बसून त्याला गावातल्या कुचाळक्या सांगते. जिवंत होता तेव्हा इतकं बोलत नव्हती त्याच्याशी.

टेबलावरची किल्ली तिला दिसली. तिने बघितली न बघितल्यासारखं केलं आणि पावाला लोणी लावायला घेतलं.

"विचार ना," मी म्हटलं.

"काय विचारू?"

"उद्या काय करणार आहेस ते विचार. अख्खं गाव माझ्याकडे बघतंय. पोस्टातली बाई आज मला तिकीट देताना बोलली नाही."

"तिच्या दाढा दुखतायत."

"थर्झा, मला या घराशिवाय दुसरं काय आहे गं? तुला बोलायला काय जातं? तुझं घर तुझं आहे."

"मी बोलले का काही? पाव खातेय मी."

"हेच. तुझं हे न बोलणंच मला टोचतंय."

तिने सुरी खाली ठेवली. "हेप्सी, मी तुला उघड म्हणाले, तर उद्या तो वकील म्हणेल बहिणी-बहिणींचा कट होता. नको उघडू म्हणाले, तर मी खोटारडी. म्हणून मी तुला काहीच सांगणार नाही. लोणी खारट आहे तुझं."

आणि गेली. मला इतका संताप आला की तिची बशी मी दोनदा घासली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत माझी, आणि हिला लोणी खारट लागतं.

मंगळवारी उजाडलं तेच चिकट, करडं. पाऊसही नाही आणि बर्फही नाही, दोन्हीचा चिखल आभाळातून पडत होता. मी कुलूप घातलं. मिस्टर लायनेल आणि क्रॉफ आतल्या बाजूला छत्र्या घेऊन उभे. त्यांच्यामागे माळीबुवा एबेल टुडी, हातात दाताळं, बहुधा काहीतरी करतोय असं दिसावं म्हणून. समोर सडकेपलीकडे पबच्या दारात गाव जमलेलं. सकाळी पब बंद असतो, पण दार उघडं होतं.

क्रॉफने एबेलला विचारलं, "दुसरीकडून आत यायला कुठे फाटक आहे का?"

"फाटकं सगळी लावलीयत, साहेब," एबेल म्हणाला आणि दाताळ्याचे दात मोजू लागला.

थर्झा नेहमीच्या वेळेला आली. डोक्याला रुमाल, हातात पितळ घासायच्या चिंध्यांची टोपली. फाटकासमोर येऊन थांबली. माझ्याकडे बघितलं नाही. कुलपाकडे बघितलं.

मी तोंड उघडायच्या आत मिस्टर लायनेल पुढे झाले. "मिसेस लॉव्हरिक, अशा हवेत तुम्ही? छे छे. मिसेस बंट, उघडा बघू. या, आत या, माझ्या पाहुण्या म्हणून या. मी स्वतः तुम्हाला चर्चपर्यंत सोडतो."

क्रॉफचा चेहरा लोण्यात तळल्यासारखा चमकला. मला एका क्षणात समजलं. फाटक लावून म्हातारीला गारठवलं असतं तर गाव खवळलं असतं. पण पाहुणी म्हणून हात धरून नेलं, तर तिने परवानगी घेतली. म्हणजे तिचं वीस वर्षांचं चालणं साखर पेरून पुसून टाकायचं.

मी कुलूप काढलं. हुकूम होता, काढलं. फाटक सताड उघडं झालं. पलीकडे लिंडनच्या दोन रांगा, आणि त्यांच्या टोकाला चर्चचा मनोरा. आणि थर्झा उंबरठ्याबाहेर, त्या चिखलात, जागची हलेना.

"आभारी आहे," ती म्हणाली. "पण मला आठवलं, मी दूध चुलीवर ठेवून आलेय."

"आम्ही थांबू की," मिस्टर लायनेल म्हणाले.

"नको. ते फार हळू तापतं."

काठी टेकत वळली आणि गेली. पबच्या दारात कुणी हसलं नाही. मिस्टर लायनेलनी मला फाटक पुन्हा लावायला सांगितलं, मी लावलं.

"झालं," क्रॉफ म्हणाला. "आता सूर्य मावळेपर्यंत थांबायचं."

दुपार सरता सरेना. मी खिडकीत बसून होते, मधे त्या दोघांना दोनदा चहा नेऊन दिला. खरं सांगते, आधी मला बरं वाटलं. थर्झा गेली, म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला. मला काही ठरवावं लागलं नाही, घर राहिलं. मग तेच बरं वाटणं टोचायला लागलं. जेबेझ तिकडे, माझा नवरा तिकडे, आई तिकडे. आता आम्ही दोघी म्हाताऱ्या त्यांना कशा भेटणार? वर्षातून एकदा कुणाच्या तरी मोटारीत बसून, पाहुण्या म्हणून.

थर्झाच्या घरी चौकशी करायला पोस्टातली बाई गेली होती. ती माझ्या खिडकीशी येऊन, सकाळपासून पहिल्यांदाच, माझ्याशी बोलली. "थर्झा घरात नाहीये. चूल पण थंड आहे."

मला तळं आठवलं. कुरणाच्या कडेला तो लपलेला खंदक आहे, घरातून दिसू नये म्हणून मुद्दाम खोल घेतलेला. गेल्या वर्षी त्यात गाय पडून मेली होती. पण तिथे जायला आधी आत यायला हवं, आणि आत यायला तर कुलूप होतं. मग गेली कुठे ही बाई, असल्या हवेत, असल्या गुडघ्यांनी?

ढग जरा फाटून उजेड पिवळट व्हायला लागला तेव्हा एबेल टुडीने दाताळं झाडाला टेकवलं आणि टोपी काढली. तो आत, लिंडनच्या रांगांकडे बघत होता. मी बाहेर आले. मिस्टर लायनेलही वळले.

झाडांच्या रांगांच्या पार त्या टोकाला, वाटेच्या अगदी मधोमध, एक काळा ठिपका हलत होता.

चर्चच्या मागे, दाट झाडाच्या अंधारात, भिंतीला दोन फळ्या ठोकल्यायत. पाय टाकून ओलांडायच्या. फाटक नाही, कुलूप नाही, काही नाही. हॉलमधली माणसं मोटारीतून चर्चच्या पुढच्या दाराशी उतरायची, त्यांनी त्या फळ्या जन्मात पाहिल्या नव्हत्या. आणि मला त्या आठवल्या नाहीत, कारण आम्ही वाट नेहमी गावाकडूनच मोजतो. थर्झा सकाळी माझ्या फाटकाशी वळली ती घरी गेलीच नव्हती. भिंतीकडेने, सडकेने, सगळा वळसा घालून ती चर्चला गेली होती. आणि आता ती वाट उलटी चालत घरी येत होती.

लपत नव्हती. मोठमोठ्याने भजन म्हणत होती, नेहमीसारखं बेसूर. हरणं माना वर करून बघत होती.

"ही चोरी आहे," मिस्टर लायनेल म्हणाले.

"दुर्दैवाने नाही," क्रॉफ म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "सगळं गाव बघतंय. साहेब, चटकन पुढे जा. तिचा हात धरा. सोबत घेऊन या. पाहुणी आहे म्हणा."

मिस्टर लायनेल निघाले. त्याच वेळी थर्झाचा पाय घसरला आणि ती गुडघ्यावर बसली. भजन थांबलं. माझ्या तोंडून "आई गं" निघालं. पबच्या दारातले दोघे फाटकापर्यंत धावत आले आणि गजांना धरून तिथेच थांबले. वरून चढले तर दांडगाई. मीही किल्ली मुठीत धरून उभी. आपली बहीण चिखलात पडलेली आणि मी उभी. देवाने असा क्षण शत्रूलाही दाखवू नये.

मिस्टर लायनेल धावत तिच्याशी पोचले, वाकले, हात पुढे केला. खरंच कळवळून केला, तेवढं मला दिसलं.

"हात लावू नका," थर्झाचा आवाज आमच्यापर्यंत आला.

"अहो, तुम्हाला लागलंय. मी मदत करतोय."

"मला माहीत आहे तुम्ही काय करताय. दूर व्हा. मी माझ्या वाटेने चाललेय."

"ही तुमची वाट नाही."

"मग कुणाची? इथे माझ्या खापरपणजीचं घर होतं. तुम्ही उभे आहात तिथे तिची चूल होती. तुमच्या पाहुण्या आम्ही कधीपासून झालो?"

ती काठीवर भार टाकून उठली. एकदा नाही जमलं, परत प्रयत्न केला. उठली आणि त्यांच्या हाताला वळसा घालून चालायला लागली. मिस्टर लायनेल तिच्याशेजारून चालत आर्जवं करत होते, ती भजन म्हणत होती. अर्धी वाट हेच. शेवटी त्या गोड माणसाचा गोडवा संपला. दिवसभर भिजलेले, वकिलासमोर, माळ्यासमोर, सगळ्या गावासमोर हात पुढे करून नाकारले गेलेले. ते तांबडेलाल झाले आणि ओरडले, "ठीक आहे. माझी तुम्हाला परवानगी नाही. ऐकलंत? या वाटेने चालायची तुम्हाला मुळीच परवानगी नाही."

गजांना धरून उभ्या असलेल्यांनी ते ऐकलं. एबेलने ऐकलं. मी ऐकलं. क्रॉफने डोळे मिटून घेतले.

पण अजून फाटक होतं. थर्झा आतल्या बाजूने येऊन फाटकासमोर थांबली. तोंड निळं पडलेलं, परकराला गुडघ्याशी रक्त. सूर्य भिंतीला टेकला होता. कुलूप तसंच राहिलं तर ती पार गेली नाही, अडवली गेली. मग वाट मेली.

"मिसेस बंट," मिस्टर लायनेल म्हणाले, धापा टाकत, "फाटक उघडायचं नाही. हा माझा हुकूम आहे. काकांचा शब्द मी आत्तापर्यंत पाळला. विचार करा."

मी विचार केला. दुसरं काही नाही, माझी खिडकी डोळ्यांसमोर आली, तिच्यातली जिरेनियमची कुंडी, आणि नवऱ्याची खुर्ची. थर्झाने मला "उघड" म्हटलं नाही. डोळ्यांनीही नाही. ती कुलपाकडे बघत उभी होती, एखाद्या बसची वाट बघावी तशी.

"साहेब," मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही नाही म्हणताय. नक्की?"

"नक्की."

"लायनेल, गप्प बसा," क्रॉफ म्हणाला, पण उशीर झाला होता.

मी कुलपात किल्ली फिरवली. नवं कुलूप, आवाजसुद्धा झाला नाही. फाटक ढकललं, बाजूला झाले, आणि फाटकाची आणि माझ्या घराची, दोन्ही किल्ल्या एकत्र मिस्टर लायनेलच्या ओल्या हातात ठेवल्या.

"शनिवारपर्यंत घर रिकामं करा," ते हळू आवाजात म्हणाले.

"हो साहेब."

थर्झा बाहेर आली. माझ्या अगदी जवळून गेली, तिच्या ओल्या लोकरीचा वास आला. थांबली नाही. मान हलवली नाही, बघितलंही नाही. मी फाटकाचा खांब असावा तशी गेली. एक क्षण मला असा राग आला की वाटलं ओरडून सांगावं, अगं भवाने, माझं घर गेलं, नुसतं बघ तरी. मग तिची हनुवटी दिसली. दातांवर दात दाबून थरथरत होती. वकिलासमोर एक आभाराचा शब्द निघाला असता, तर माझं उघडणं उपकार झालं असतं आणि तिचं चालणं परवानगीचं. तिने तो शब्द गिळला.

मग सडकेपलीकडून गाव आलं. पोस्टातली बाई पुढे, तिच्यामागे पबवाला, त्याची बायको, शाळेचे मास्तर, दोन पोरींना घेऊन लोहाराची सून. सूर्य अजून किनारीएवढा बाकी होता. ते एकापाठोपाठ एक माझ्या समोरून आत गेले, लिंडनच्या रांगांमधून, चर्चकडे. माना खाली, ओठ घट्ट. मिस्टर लायनेल टोपी हातात घेऊन बाजूला उभे होते.

आमच्या गावात कुणी दार उघडून धरलं की लोक थँक्यू म्हणतात. बसवाल्याला म्हणतात, कुत्र्यालाही म्हणतात. त्या संध्याकाळी सगळं गाव माझ्या फाटकातून गेलं आणि एकानेही मला थँक्यू म्हटलं नाही. मी रडत होते, आणि तेही कुणी बघितलं नाही.